श्रीगाडगेबाबा आणि परदुःखाची ओळख



चरित्र सांगायला बसलो आहे, पण आधी स्वतःचीच एक गोष्ट सांगतो, क्षमा असावी. गेल्या पौषात आमच्या नेरुळला हरिनाम सप्ताह होता. सहाव्या दिवसाची सेवा माझ्याकडे होती आणि निरूपणाचा विषय होता भूतदया. दोन तास बोललो. नाथमहाराजांचे गाढव झाले, वाळवंटातले लेकरू झाले. आयाबायांचे डोळे पाणावले, माझेही पाणावले. नारळ मिळाला, लोक पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळोज्याकडच्या एका गावी काल्याचे कीर्तन होते. यजमानांची गाडी मला खारघर स्थानकाबाहेर घ्यायला येणार होती. तिथे पायरीवर एक जोडपे बसलेले. टाटांचे कर्करोगाचे केंद्र खारघरला आहे आणि तिथे देशभरातून रोगी येतात, हे नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. बाईच्या डोक्यावरचे केस गेलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर कागदांची भली मोठी पिशवी. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला तोडक्यामोडक्या भाषेत वाट विचारत होता. माझ्यापाशीही आला. मी घड्याळ पाहिले, हाताने कुठेतरी दिशा दाखवली आणि गाडीत बसलो. गाडीत तीन जागा रिकाम्या होत्या. हे ध्यानात आले ते तळोजे आल्यावर.

घरी येऊन धाकट्या मुलीला हे सांगितले. ती मानसशास्त्र शिकली आहे. ती रागावली नाही. तिने मला अमेरिकेतली एक हकिगत सांगितली. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी घेऊन जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोघा अभ्यासकांनी एक परीक्षा केली. ती १९७३ साली छापून आली. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. काहींना विषय दिला होता तो बायबलातल्या त्या दयाळू वाटसरूचा, जो जखमी परक्याला उचलून नेतो. वाटेत बोळात एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना उशीर झाला म्हणून पिटाळले होते त्यांतले शंभरी १० थांबले. ज्यांना सवड होती त्यांतले शंभरी ६३. आणि भाषणाचा विषय दयेचा होता की दुसरा कुठला, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी ऐकत बसलो. चाळीस वर्षे मी दया हा विषय सांगतो आहे.

त्या रात्री मी श्रीगाडगेबाबांचे चरित्र पुन्हा हाती घेतले. तेही कीर्तनकारच होते. मात्र त्यांच्या आयुष्यात असा एकही दिवस सापडत नाही की कीर्तनाची घाई म्हणून वाटेतल्या दुःखाला त्यांनी हात दाखवून पुढे पाठवले. हे कशाने होते? स्वभावाने म्हणावे, तर मग आपल्यासारख्यांचे बोलणेच खुंटले. मला असे वाटते की बाबांनी आपले जिणेच अशा जागी नेऊन ठेवले होते की जिथून दुसऱ्याचे दुःख दिसल्यावाचून राहत नाही. ते कसे, हे चरित्राच्या क्रमानेच पाहू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. नाव डेबू. वडील झिंगराजी, आई सखूबाई. वडिलांना दारूने गिळले. देवापुढे कोंबडे-बकरे कापायचे, मग दारू, मग पुन्हा नवस. त्या काळच्या कितीतरी घरांची हीच कथा. डेबू आठेक वर्षांचा असताना वडील वारले. जाताना त्यांनी बायकोला एवढेच विनवले की या पोराला त्या देवापासून आणि त्या बाटलीपासून दूर ठेव. सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. आजा हंबीरराव, मामा चंद्रभान. डेबू तिथे गुरे वळू लागला.

गुराख्याचे जिणे म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना आता सांगावे लागते. मुके जनावर बोलत नाही. त्याचे पाऊल, कान, डोळा यांवरून ओळखावे लागते की याला काही होते आहे. मला तर वाटते, बाबांची पहिली पाठशाळा ती. आमच्या पाठशाळेत गुरुजींनी अनुकंपा शब्दाची फोड करून दिली होती: अनु म्हणजे मागून, कंप म्हणजे थरथर. एकाचे अंग थरथरले की त्यामागून दुसऱ्याचे थरथरते, ती अनुकंपा. मी ती फोड पाठ केली. डेबूने ती गुरांच्या पाठीवर हात ठेवून शिकली. रानात त्याने गुराख्यांची भजनी मंडळी जमवली आणि तीत महारामांगांची पोरेही घेतली. गावात हे चालले नसते, रानात चालले.

पुढे मामाच्या घरावर सावकाराची सावली पडली. चंद्रभान भोळा आणि अक्षरशत्रू. कागदावर अंगठे उठत गेले आणि शेत सावकाराच्या घशात गेले. त्या धसक्याने मामा गेला. हे सगळे डेबूने डोळ्यांनी पाहिले. शेताचा ताबा घ्यायला माणसे आली तेव्हा हा तरणाताठा गडी नांगर सोडून त्यांच्यावर धावला होता. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनात कर्ज काढू नका, पोराला शाळेत घाला, असे कळवळून सांगत, त्यामागे मामाचा तो अंगठा आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ज्याने दुःख सोसले त्याला दुसऱ्याचे दुःख कळते, असे आपण सहज म्हणून जातो. खरे तसे नेहमी होत नाही. सासुरवास भोगलेली बाईच सून आल्यावर जास्त कडक होते, हे घरोघरी पाहावे. आम्ही सोसले, तुम्हीही सोसा, हा त्यातला न्याय. सोसलेले दुःख कधी माणसाला मऊ करते, कधी त्याला घट्टा पाडते; हातावर पडतो तसा. डेबूला घट्टा का पडला नाही? मला दिसते ते असे की त्याने ते दुःख आपल्या एकट्याचे ठेवले नाही. वडिलांच्या दारूत त्याला सगळ्या जातीची दारू दिसली, मामाच्या अंगठ्यात सगळ्या निरक्षरांचा अंगठा दिसला. १८९२ साली त्याचे लग्न कुंताबाईंशी झाले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत हवी होती. डेबूने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले, तरी त्याने ऐकले नाही. एरवी वडील दारूने मेलेला मुलगा एकतर स्वतः पितो किंवा पिणाऱ्यांचा द्वेष करतो. हा दोन्ही न करता पिणाऱ्यांना जेवायला बोलावतो आणि जिलेबी-लाडू वाढतो, हे नवल आहे.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूने घर सोडले. म्हातारी आई, तरणी बायको, लहान मुली मागे राहिल्या. अंगावर फाटके, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्याच गाडग्यात पाणी. लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कुठे चिंधेबुवा म्हणत. कपडा म्हणजे चिंध्यांना चिंध्या जोडलेला, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. वेड्यासारखा वेश, पण त्या वेशाने एक काम केले. भारी पोशाखाच्या माणसापुढे गरीब आपले दुःख झाकतो, नीट बसतो, डोळे पुसतो. चिंधीवाल्यापुढे झाकायचे काय? लोकांनी त्याला हाकलले, कुत्री अंगावर सोडली, कधी भाकरी दिली, कधी चोर म्हणून धरले. उपाशी माणसाकडे गाव कसे पाहते, ते बाबांनी त्या जागी उभे राहून पाहिले. शांतपणे सांगतो, मी ते पाहिलेले नाही. माझ्या खांद्यावर उपरणे असते आणि लोक खुर्ची देतात.

मग तो खराटा. गावात शिरले की बाबा कुणाची ओळख काढत नसत, गटार काढत. घाण दिसली की झाडायला लागत. काम झाल्यावर कुणी भाकर-चटणी दिली तर खात. काम केल्यावाचून खाणे नाही. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. आज सरकारी भिंतींवर बाबांचे चित्र खराट्यासकट असते. २००० सालापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान झाले, आमच्या नेरुळला त्यांच्या नावाचे उद्यान आहे, आणि स्वच्छतेबद्दल नवी मुंबईचे कौतुक होते तेव्हा मलाही बरे वाटते. पण खराट्याचा अर्थ तेवढाच घेतला तर अर्धे बाबा हाती लागतात. खराटा हे त्यांचे माणसाजवळ जाण्याचे साधन होते. ज्या आळीत पाय ठेवायला लोक नाक धरत, त्या आळीत झाडणारा माणूस दोन तास राहतो, आणि दोन तास राहिले की घरात कोण आजारी आहे, कुणाचे पोर उपाशी आहे, हे न विचारता समजते.

यातच दुसरी एक खुबी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्याला जो त्रास होतो, त्या त्रासानेच पुष्कळ जण पळतात. दवाखान्यात रोग्याला भेटायला न जाणारे सगळेच निर्दय नसतात. त्यांना बघवत नाही. बघवत नाही म्हणून जात नाहीत, आणि जात नाहीत म्हणून रोगी एकटा पडतो. ज्याच्या हाताला काम असते त्याला मात्र बघवते. ऋणमोचनला हे दिसते. पूर्णा नदीकाठच्या या क्षेत्री पौषातल्या रविवारी यात्रा भरे. काठ चिखलाचा आणि उताराचा. म्हातारीकोतारी घसरून पडत. शेकडो लोक दर वर्षी ते बघत आणि हळहळत. बाबांनी कुदळ घेतली, पायऱ्या खणायला लागले. पाहून चार जण आले, मग चाळीस आले, आणि १९०८ साली तिथे घाट उभा राहिला. त्याच यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी गोळा होत. बाबा त्यांना पंगतीला बसवून वाढत, महारोग्यांना आपल्या हातांनी आंघोळ घालत, कपडे देत. कित्येकांना शिसारी आली असेल. बाबांना ती कधी आलीच नसेल असे मी म्हणणार नाही. पण हातात पाण्याचा तांब्या असला की शिसारीला जागा थोडी उरते.

पंढरीच्या वाचकांना आता त्यांच्या घरचीच गोष्ट सांगतो. बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास असत, परंतु दर्शनाला देवळात जात नसत. वाळवंट झाडत, वारकऱ्यांनी केलेली घाण उचलत आणि रात्री तिथेच कीर्तन करत. त्या काळी महारवाड्यातून, मांगवाड्यातून शेकडो मैल चालत आलेला वारकरी महाद्वाराशी थबकत असे. १९४७ साली सानेगुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर सर्वांना खुले झाले, तोवर चोखोबांच्या समाधीपर्यंतच त्याची धाव. बरे, उतरायला जागा कुठे? धर्मशाळा होत्या, पण त्या जातीवार. पाऊस आला तर हा वारकरी उघड्यावर. आपण सगळे तेव्हाही भूतदयेचे अभंग म्हणतच होतो. आपल्या दिंडीतल्या माणसाचा पाय दुखला तर धावायचो; शेजारून चाललेला दुसऱ्या जातीचा वारकरी भिजत होता, तो दिसत नव्हता. दिसत नव्हता म्हणण्यापेक्षा, तो आपल्यात मोजलेला नव्हता. माणसाची कणव ही फार करून मोजलेल्यांपुरती असते, हे कडू आहे पण खरे आहे. बाबांनी उपदेशाने ती मोजदाद बदलायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातलगांसाठी सोय झाली. रोग्याला खाट मिळते. त्याच्या बायकोने कुठे निजायचे, हा प्रश्न दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्यालाच सुचतो.

या धर्मशाळांत बाबा स्वतः राहत नसत. बाहेर कुठेतरी झोपत. आणि आता चरित्रातल्या त्या भागाकडे येतो, ज्यावरून आम्ही कीर्तनकार मंडळी टाळ जोरात वाजवून पुढे जातो.

कुंताबाईंचे काय? नवरा पहाटे उठून गेला. पुढे तो मोठा झाला, लाखो रुपयांच्या इमारती त्याच्या शब्दावर उभ्या राहिल्या, आणि त्यातला पैसाही घरच्यांना घेऊ दिला नाही. बायको झोपडीत राहिली. १९२३ साली एकुलता एक राहिलेला मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. निरोप आला, त्यांनी तो ऐकला, आणि इतके लोक मरतात त्यांत कोणासाठी रडायचे अशा अर्थाचे काही बोलून कीर्तन पुढे चालवले. श्रोते थक्क झाले. वैराग्याचा कळस म्हणून हा प्रसंग मी शेकडो वेळा सांगितला आहे.

आज सांगताना माझी जीभ अडखळते. परक्या महारोग्याचे अंग धुणाऱ्याला घरातल्या बाईचे दुःख कळत नव्हते काय? कळत नव्हते असे मला वाटत नाही. मला वाटते, बाबांनी एक हिशेब मांडला होता: घरापासून सुरुवात केली की माणूस घरातच संपतो. आपल्यातले बहुतेक तिथेच संपतात. घरचे पुरे होऊन दुसऱ्यांकडे वळू म्हणतो, आणि घरचे पुरे होत नाही. त्यांनी आपल्या लेकराचे दुःख जगातल्या लेकरांच्या दुःखाहून काकणभरही मोठे धरायचे नाही, असे ठरवले. ते त्यांना साधले. पण या ठरवण्याचे मोल त्यांच्याबरोबर कुंताबाईंनीही दिले, आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. चरित्रात हे लिहिले पाहिजे. संताचा मोठेपणा याने उणा होत नाही, आणि झालाच तर होऊ द्यावा. झाकून ठेवलेला मोठेपणा कुणाच्या उपयोगाचा? गोविंदाच्या मरणाची बातमी कुंताबाईंना कुणी सांगितली, त्या वेळी त्यांच्याजवळ कोण होते, हे मी आजवर एकाही कीर्तनात विचारले नाही.

बाबांची कीर्तनपद्धती आमच्याहून वेगळी. पूर्वरंग-उत्तररंग नाही, संस्कृत वचनांची पखरण नाही. माझ्यासारख्या पाठशाळेत घोकलेल्या माणसाला आरंभी ते कीर्तनच वाटत नसे, हे कबूल करतो. वऱ्हाडी बोली, नामाचा गजर, आणि प्रश्न. देवाला कोण जेवू घालतो, दिवा देवाला लागतो की आपल्याला, असे साधे साधे विचारायचे आणि समोरच्यांकडून उत्तर वदवून घ्यायचे. गो. नी. दांडेकर त्यांच्या सहवासात राहिले, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. शिकलेली माणसे ओढली गेली ती या प्रश्नांनी. मी कीर्तनात बोलतो आणि लोक ऐकतात. बाबा विचारत आणि लोकांना बोलावे लागे. ऐकणाऱ्याला रडता येते, रडून मोकळे होता येते, आणि घरी जाता येते. ज्याने चारचौघांत उत्तर दिले त्याला तसे सहजी जाता येत नाही. नेरुळला त्या दिवशी सगळे रडले, मीही रडलो, आणि बहुधा त्या रडण्यातच आमचे देणे फिटल्यासारखे आम्हाला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मनात शिल्लक काही उरले नव्हते.

शेवटच्या वर्षी बाबांची तब्येत ढासळली होती, तरी पाय थांबले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. समोर पोलीस, म्हणजे रोज दुसऱ्यांची दुःखे बघून ज्यांची नजर मरते असे लोक. तेच त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्या बातमीने बाबा आतून खचले. मुलाच्या मरणाने कीर्तन न थांबवणारा माणूस या मरणाने खचला, हेही नोंदवून ठेवावे. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडीतच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

वांद्र्याचे ते कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. मी ते खारघरच्या प्रसंगानंतर दोनदा ऐकले. बाबा प्रश्न विचारतात आणि श्रोते उत्तर देतात, आणि उत्तर आल्यावाचून ते पुढे सरकत नाहीत. दुसऱ्या दिवशी कुठे जायचे आहे, गाडी आली आहे की नाही, याचा त्या आवाजात मागमूस नाही.

खारघर स्थानकावर मी त्यानंतर चार-पाच वेळा गेलो. ते जोडपे दिसले नाही. दुसरी होती. एकदा एका म्हाताऱ्याच्या पिशवीतले कागद वाचून त्याला रिक्षात बसवून दिले आणि केंद्राच्या दारापर्यंत बरोबर गेलो. त्या दिवशी सानपाड्याच्या कीर्तनाला पाऊण तास उशीर झाला. यजमान नाराज झाले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले.